बाबा काल चालत होता

आमच्या बाल्कनीत एक बाप राहतो. उंची साधारण चार फूट, अंग ॲल्युमिनियमचं, चार चाकांपैकी तीन शाबूत. पुढे केलेल्या त्याच्या दोन हातांवर माझे पायमोजे वाळत असतात. पाहुणे येतात, चहा होतो, मग त्यांचं लक्ष तिकडे जातं. "व्यायामाचं आहे का हो ते?" पूर्वी मी पहिल्यापासून सगळं सांगायला बसायचो. आता "हो" म्हणून मोकळा होतो. एकाने तर त्यावर माझ्या पोटाकडे बघत "वापरात दिसत नाही फारसं" असंही सुनावलं.

तुम्हाला मात्र सगळं सांगतो. तुम्ही मध्येच उठून गेलात तरी मला दिसणार नाही, ही लिहिण्यातली मोठी सोय आहे.

चिरंजीव तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, शाखा मेकॅनिकल. २०१३च्या दिवाळीनंतर एकदा जेवताना म्हणाला, "आपलं पार्किंग रिकामंच असतं ना?" आमच्याकडे गाडी नव्हती, स्कूटर होती. त्यामुळे पार्किंगचा तीन चतुर्थांश भाग आम्ही हक्काने रिकामा ठेवत असू. "एक रोबो ठेवायचाय," तो म्हणाला. मी बँकेतला माणूस. किती दिवस, जबाबदार कोण आणि तारण काय, हे तीन प्रश्न माझ्या तोंडून आपोआप जातात. पहिल्याचं उत्तर आलं "मार्चपर्यंत". दुसऱ्याचं, "आमची टीम". तिसऱ्याचं उत्तर त्याने दिलं नाही, पण पुढे कळलं की तारण मीच होतो.

स्पर्धेचं नाव रोबोकॉन. आशिया आणि पॅसिफिकमधल्या दूरदर्शन-आकाशवाण्यांचा एक संघ आहे, तो २००२पासून कॉलेजच्या मुलांची ही स्पर्धा भरवतो. दरवर्षी वेगळा देश यजमान, आणि यजमानाने आपल्या मातीतला एखादा खेळ विषय म्हणून द्यायचा. वर्षभर खपून मुलांनी यंत्रं बनवायची आणि तीन मिनिटांच्या सामन्यात ती खेळवायची. वर्षाचा हिशोब तीन मिनिटांत होतो, हे ऐकून मला आमच्या बँकेतल्या ऑडिटची आठवण झाली. पण ऑडिटर निदान चहा घेतो.

२००८ साली ही स्पर्धा पुण्यात, बालेवाडीला झाली होती आणि तेव्हा विषय होता आपली दहीहंडी. उंच टांगलेल्या मडक्यांतलं लोणी यंत्रांनी काढायचं. ढोल-ताशा, थर, सलामी यांवर जन्मसिद्ध हक्क सांगणाऱ्या आपल्या शहरात येऊन ती हंडी फोडून गेला चीनचा संघ. २०१४ला यजमानपद पुन्हा पुण्याकडे आलं. या खेपेचा विषय होता, 'पालकत्वाला सलाम'.

मला वाटलं, कार्टं थट्टा करतंय. पण नियमावली खरीच होती. दोन यंत्रं बनवायची: एक पालक, एक बाळ. पालकाला माणूस चालवणार, बाळाने स्वतःच्या बुद्धीने चालायचं. पालकाने बाळाला उचलून बागेत न्यायचं, सी-सॉवर बसवायचं, खांबांवरून चालायला सोडायचं, झोपाळ्यावर ठेवून झोका द्यायचा, आणि शेवटी बाळाने जंगल जिमवर चढायचं. हे सगळं जो आधी पुरं करील, त्याचा सामना तिथल्या तिथे संपणार आणि त्या विजयाचं अधिकृत नाव होतं 'शाबास'. तसंच, नियमात लिहिलेलं. जपानपासून फिजीपर्यंत सगळ्यांनी ते तसंच म्हणायचं.

या खेळांच्या मुळाशी एक जपानी प्राध्यापक होते, मासाहिरो मोरी. यंत्र माणसासारखं दिसू लागलं की ते आवडतं, पण जवळजवळ माणूसच वाटू लागलं की अंगावर काटा येतो, हे १९७० साली त्यांनीच मांडलं. (आमच्या बाल्कनीतल्या बापाबाबत ही अडचण कधी आली नाही.) यंत्रमानवात बुद्ध शोधणारं एक पुस्तकही त्यांच्या नावावर आहे. त्यांच्या कल्पनेतून एनएचके या जपानी वाहिनीने १९८८ साली तिथल्या तंत्रनिकेतनांसाठी पहिली स्पर्धा घेतली. ती होती टॉर्चमध्ये घालतो तसल्या सेलवर चालणाऱ्या गाड्यांची शर्यत. सेल बिचारा संपायचा तेव्हाच संपणार. त्याला विनंतीअर्ज करता येत नाही, ओळख काढता येत नाही, पुनर्मूल्यांकनाची सोय नाही.

आमच्या वेळी शाळेत विज्ञान प्रदर्शन असे. मी सातवीत उदबत्तीच्या पुठ्ठ्यांचा आणि दोन आरशांचा पेरिस्कोप केला होता. शेजारी ज्वालामुखी, पलीकडे पवनचक्की, त्यापलीकडे ठिबक सिंचन. परीक्षक साहेब आले, पेरिस्कोपला डोळा लावला आणि म्हणाले, "छान." त्यांनी तो उलटा धरला होता. त्यांना डोक्यांवरून पलीकडचं दिसण्याऐवजी समोरच्यांचे बूट दिसले असणार, तरीही छानच. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, एक कंपासपेटी. माणूस परीक्षक असला की असं काहीतरी निभावतं. मुलाच्या स्पर्धेत परीक्षक होतं गुरुत्वाकर्षण.

टीममध्ये अकरा जण होते. कॅप्टन आमचे चिरंजीव, एक प्रोग्रॅमर, एक वेल्डिंग करणारी मुलगी, दोघं वायरिंगवाले आणि बाकीचे 'मॅनेजमेंट', म्हणजे वडापाव आणणारे. पालक यंत्राचं नाव त्यांनी 'बाबा' ठेवलं आणि बाळयंत्राचं 'बाळ्या'. यातून आमच्या घरात चार महिने जो भाषिक गोंधळ झाला त्याला तोड नाही.

"काकू, बाबाला चार्जिंगला लावू का तुमच्या हॉलमध्ये?"

"बाबाचा डावा हात सैल झालाय, घट्ट केला पाहिजे."

"बाबा गरम झालाय, कुणी हात लावू नका."

शेवटच्या वाक्यावर माझी बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "हे तुम्हाला आत्ता कळतंय?"

कॉलेजने काय दिलं म्हणाल, तर एक पत्र दिलं. 'संबंधितांस' असं वर लिहिलेलं. सामान मुलांनीच आणलं. तपकीर गल्लीतून वायर, रेझिस्टर आणि आयसी. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून बेअरिंग, चेन आणि मोटारी. मोटारी म्हणजे गाडीच्या काचेवरचा वायपर हलवणाऱ्या. हे मला फार आवडलं. बारा व्होल्टवर चालते, हळू फिरते, पण अंगात जोर भरपूर. मारुती आठशेच्या वायपर मोटरने बाबाचे हात वर-खाली होत. कुणाच्या तरी काचेवरचा पाऊस पुसून म्हातारी झालेली मोटर आमच्या पार्किंगमध्ये पोरं उचलायला लागली.

आता एका ताटाबद्दल. सर्किटचा बोर्ड घरी बनवायचा तर तांब्याचा पत्रा चढवलेली पाटी घ्यायची, गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंटरने नकाशा छापायचा, तो कागद पाटीवर उलटा ठेवून वरून कडक इस्त्री फिरवायची. शाई वितळून तांब्याला चिकटते. मग पाटी फेरिक क्लोराईडच्या पाण्यात बुडवायची. शाईखालचं तांबं टिकतं, बाकीचं विरघळून जातं, उरते ती वायरिंग. सुंदर युक्ती आहे. पण गुळगुळीत कागद म्हणून त्यांनी माझ्या दिवाळी अंकांची पानं घेतली. सोन्याच्या जाहिरातीचं पान सगळ्यात उत्तम चिकटतं, हा त्यांचा अनुभव. त्याच्या पाठीमागे मी अर्धी वाचलेली कथा होती, तिचा शेवट मला आजतागायत माहीत नाही. इस्त्री माझी. आणि फेरिक क्लोराईड ओतायला त्यांनी उचललं स्वयंपाकघरातलं स्टीलचं ताट.

हे द्रावण प्लॅस्टिकच्या भांड्यातच घ्यायचं असतं, कारण ते स्टीललाही सोडत नाही. हे अकरा भावी इंजिनिअरांपैकी एकालाही त्या रात्री आठवलं नाही. सकाळी ताटाला देवीचे व्रण असावेत तसे खड्डे पडले होते. ताट हिच्या लग्नातलं. काठावर नाव घातलेलं होतं, 'मावशीकडून सप्रेम भेट'. मावशी उरली, भेट उरली, मधलं 'सप्रेम' फेरिक क्लोराईडने खाल्लं. वर्षापूर्वीच मावशींशी वाटणीवरून थोडं वाजलं होतं, त्यामुळे ही म्हणाली, "रसायनाला कसं कळलं?"

धायरीच्या पुढे एका शेडमध्ये लेथवर काम करणारे एक काका होते. मुलं त्यांच्याकडे चाकांचे हब करून घ्यायला गेली तेव्हा मी स्कूटरवरून सोबत गेलो होतो. मुलाने लॅपटॉप उघडून ते हब पडद्यावर गरगर फिरवून दाखवलं. चकचकीत, निळं, सावलीसकट. काकांनी चष्मा कपाळावर घेतला, बराच वेळ बघितलं.

"चांगलंय. पण हा आतला गाळा वळायला टूल आत जाणार कुठनं?"

मुलगा गप्प. पडद्यावर टूल आत जावं लागत नाही.

"आणि हे काय लिहिलंय? पॉइंट शून्य दोन?"

"टॉलरन्स आहे काका. मिलिमीटरमध्ये."

"कळलं ते. कशाला पाहिजे?"

"ॲक्युरसीसाठी."

काका हसले. "बाळा, कागदावर एक शून्य वाढवायला पैसे पडत नाहीत. हितं एका शून्याला माझा अर्धा दिवस जातोय." मग त्यांनी खडूचा तुकडा घेतला आणि लेथच्या पत्र्यावरच दुसरं हब काढलं. तीन रेघा, दोन वर्तुळं. अर्ध्या तासात ते तयार होऊन हातात आलं, गरम गरम, तेलाचा वास येणारं. मुलाने ते रुमालात गुंडाळून आणलं. त्या रात्री जेवताना तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवरच्या चित्रातली बरीच शून्यं पुसलेली दिसली. चार वर्षांची फी मी कॉलेजला भरली आणि हा अर्धा तास काकांनी फुकट शिकवला. काम झाल्यावर पैसे विचारले तर म्हणाले, "जिंकला की द्या." अजून देणं आहे.

बाबाच्या पंजाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिथून आहे. बाळाला धरणारा पंजा हवेवर चालायचा. हवेची टाकी म्हणजे थंड पेयाच्या दोन लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, एकमेकींना निळ्या नळीने जोडलेल्या. या बाटल्या आतून भलताच दाब सोसतात, त्यामुळे अशा स्पर्धांतले संघ सर्रास त्याच वापरतात. सायकलच्या पंपाने हवा भरायची, बटण दाबलं की व्हॉल्व्ह उघडून हवा सिलिंडरमध्ये जाते आणि पंजा मिटतो. इतक्या बाटल्या रिकाम्या करण्यासाठी आधी त्या प्याव्या लागल्या. वॉचमनने मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, घरात काही कार्य आहे का?"

एका संध्याकाळी चाचणी चालू असताना ही चहाचा ट्रे घेऊन खाली आली. बाबाने बाळ्याला उचललेलं होतं. हिने पाहिलं आणि सहज विचारलं, "आणि हवा गेली तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे बाटली फुटली, नळी निघाली, तर बाळ पडेल ना?"

पार्किंगमध्ये शांतता पसरली. वेल्डिंगवाली मुलगी म्हणाली, "काकू बरोबर बोलतायत." त्या रात्री पंजा उलटा केला. आता स्प्रिंगने पंजा कायम मिटलेला राहणार आणि हवा लागणार ती उघडायला. हवा गेली तरी बाळ पडणार नाही. मोठ्या ट्रकचे एअर ब्रेकही याच विचाराने केलेले असतात, हवा गेली की ब्रेक लागतो. सगळ्यांनी हिचं कौतुक केलं. मीही केलं, मनात.

दरम्यान सोसायटीच्या सभेत विषय आला. कार्यक्रमपत्रिकेवर क्रमांक चार: 'पार्किंगमधील यंत्राबाबत विचार करणे'. विचार पाऊण तास झाला. हे वाहन आहे की सामान? वाहन म्हणावं तर स्टिकर लागेल, सामान म्हणावं तर पार्किंगमध्ये सामान ठेवायला मनाई. चार चाकं आहेत, असं कुणी म्हणालं. नंबर प्लेट नाही, असं दुसऱ्याने म्हटलं. रात्री अकरानंतर ग्राइंडर चालतो ही खरी तक्रार होती, ती शेवटपर्यंत कुणी मांडली नाही, कारण तक्रारदाराच्या नातवाला मुलांनी चाचणीच्या झोपाळ्यावर बसू दिलं होतं. होय, मुलांनी प्लायवूडचा आख्खा बगीचा उभा केला होता, आणि संध्याकाळी रोबो येण्याआधी बी विंगची चिल्लीपिल्ली तिथे रांग लावून खेळत. शेवटी सेक्रेटरींनी तोडगा काढला, यंत्राची पाहुणा म्हणून नोंद करावी. वॉचमनच्या वहीत ती नोंद मी स्वतः पाहिली. नाव: बाबा. कुठून आले: धायरी. कोणाकडे: मुलाकडे. जाण्याची वेळ: कोरी.

मार्चमध्ये राष्ट्रीय फेरी. तीही बालेवाडीच्या क्रीडासंकुलातच. आम्ही दोघं गेलो. प्रेक्षकांत बसायचं सोडून मी यंत्रं दुरुस्त करतात त्या भागाच्या कडेला जाऊन उभा राहिलो. देशभरातले संघ. कुणी रेल्वेच्या डब्यातून यंत्र सुटं करून आणलेलं, कुणी पुठ्ठ्यावर झोपलेलं, कुणी सोल्डरिंग गन दातांत धरून दोन्ही हातांनी वायरी सोडवतंय. प्रतिस्पर्धी वगैरे शब्द तिथे फार वेळ टिकत नाहीत. "चार नंबरची ॲलन की आहे का?" ही हाक कुठल्याही भाषेत गेली तरी कुणीतरी वेळ न लावता किल्ली फेकत होतं.

आणि एक वाक्य मी त्या दिवशी निदान चार भाषांत ऐकलं. "कल तक तो चल रहा था." "काले तो चालतुं हतुं." इंग्रजीत ऐकलं, आणि मराठीत तर आमच्याच चिरंजीवांच्या तोंडून: "बाबा काल चालत होता." लग्नाच्या हॉलमध्ये जसं 'या, बसा, जेवल्याशिवाय जायचं नाही' तसं हे तिथलं. कारण शोधलं तर सापडतं. पार्किंगच्या फरशीवर धूळ होती, इथे गुळगुळीत रंग आहे, चाक सरकतं. रात्रभर सराव केल्याने बॅटरी उतरलेली असते, मग मोटर तीच पण जोर निम्मा. नेमका हाललेला एक स्क्रू. पण वाक्य म्हणताना कुणाच्या डोळ्यांत कारण नसतं, एक दुखावलेपण असतं. आपण याच्यासाठी एवढं केलं आणि यानं चारचौघांत असं करावं? हे दुखावलेपण मला ओळखीचं वाटलं. चिरंजीवांच्या दुसरीच्या स्नेहसंमेलनात तो झाड झाला होता आणि रंगमंचावर रडला होता. घरी उत्तम झाड होत असे.

आमचा पहिला सामना. शिट्टी झाली. मुलगा वायरीच्या टोकाला असलेला व्हिडिओ गेमचा रिमोट घेऊन बाबाला चालवत होता. बाबा डौलात गेला, बाळ्याला उचललं, सी-सॉशी आला, हात खाली केले. इथपर्यंत सगळं कालच्यासारखं.

बाळ्याच्या पोटाखाली एक इन्फ्रारेड सेन्सर होता. आपल्याखाली काही टेकायला आलं की त्याला कळायचं आणि मग तो हातपाय हलवायला लागायचा. पार्किंगमध्ये ट्यूबलाइट होती. इथे टीव्हीच्या चित्रीकरणासाठी वरून मोठाले दिवे तळपत होते, आणि अशा दिव्यांत उजेडाबरोबर इन्फ्रारेडही रग्गड असतं. बाळ्याचा सेन्सर दिपला. त्याला वाटलं, आलो आपण खाली. तो बापाच्या हातांतच तंगड्या झाडू लागला. बाबाने त्याला सोडायला हवं होतं. मुलाने बटण दाबलं. पंजा उघडेना. पुन्हा दाबलं. नळीचं एक फिटिंग ढिलं होऊन हवा केव्हाच फुस्स झाली होती, आणि हवा नसली तर पंजा मिटलेलाच राहावा अशी व्यवस्था आम्हीच, चहाच्या साक्षीने, केली होती.

तर दृश्य असं: मधोमध उभा बाबा, त्याने गच्च धरलेला बाळ्या, बाळ्या सुटायला धडपडतोय, बाबा सोडत नाही. दोन मिनिटं दहा सेकंद. प्रेक्षक हसायला लागले होते. नंतर नंतर तेही थांबले.

या दृश्यातून पालकत्वाबद्दल बरंच काही काढता येईल, हे मला तेव्हाही कळत होतं. शेजारच्या खुर्चीवरच्या एका गृहस्थांनी ते काढायला सुरुवातही केली. पण मला एवढंच सांगायचंय की फिटिंगला टेफ्लॉन टेप कमी गुंडाळलेली होती. मी हिच्याकडे पाहिलं. ती शांत होती. "पडला नाही ना?" ती म्हणाली. "झालं तर मग."

दुसऱ्या सामन्याच्या आधी मी पाहिलं, प्रोग्रॅमर मुलगा जमिनीवर बसून सेन्सरवर हाताची सावली धरत होता, काढत होता. सावलीत बाळ्या शहाणा, उजेडात वेडा. मग त्याने काळ्या इन्सुलेशन टेपची एक बारीकशी नळी केली आणि सेन्सरभोवती चिकटवली, घोड्याच्या डोळ्यांना झापडं लावतात तशी. फिटिंग नवं मिळालं, तेही ज्यांच्याशी पुढचा सामना होता त्यांच्याकडून.

तो सामनाही आम्ही हरलो. समोरचे फारच चपळ होते. पण सी-सॉ झाला, आणि वेळ संपायला थोडा अवकाश असताना बाबाने बाळ्याला झोपाळ्यावर ठेवलं, पंजा उघडला, मागे सरकला आणि हळूच एक धक्का दिला. झोपाळा गेला आणि आला. एवढंच. त्या धक्क्यासाठी वायपर मोटरच्या पट्टीची लांबी सतरा वेळा बदलली होती, हे सभागृहात आम्हालाच ठाऊक होतं.

घरी येताना रिक्षात मुलाने विचारलं, "कसं झालं, बाबा?" या खेपेला बाबा म्हणजे मीच होतो. दिवसभर ध्वनिक्षेपकावरून इतरांच्या मुलांसाठी 'शाबास' ऐकून माझे कान किटले होते. शब्द तोंडावर होता. मी म्हणालो, "ठीक झालं." आमच्या घराण्यात यापुढे कुणी गेलेलं नाही. माझ्या वडलांनी मला बँकेत लागल्यावर "बरं" म्हटलं होतं.

ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तीही बघायला गेलो. व्हिएतनामचा संघ जिंकला. २००२ साली टोकियोला झालेली पहिलीवहिली स्पर्धाही त्यांनीच जिंकली होती. त्यांचा बाप बाळाला असा ठेवत होता, जणू रोज शाळेत सोडतोय.

पुढे पुतणीने 'बाहा' या गाड्यांच्या स्पर्धेच्या टीममध्ये नाव घातलं. ती निराळी जात. इंदूरजवळ पिथमपूरला २००७पासून चालते. सगळ्यांना इंजिन सारखंच, दहा हॉर्सपॉवरचं, आणि स्वतः वेल्डिंग करून बनवलेली चौकटीची गाडी चिखलाखड्ड्यांतून चार तास पळवायची. तिने पार्किंग मागितलं तेव्हा हिने आधी विचारलं, "त्याला ताट लागतं का?" आणि २०१७पासून सरकारी हॅकेथॉन आलं, छत्तीस तास अखंड बसून सॉफ्टवेअर लिहायचं. उत्तम गोष्ट आहे, देशाचे प्रश्न सुटतात. पण त्यातलं काही बाल्कनीत उरत नाही, तंगडीला लागत नाही, त्यावर मोजे वाळत नाहीत. मला ते थोडं कमी वाटतं.

चिरंजीव आता चाकणला एका कंपनीत डिझाइनमध्ये आहेत. काल फोनवर कुणावर तरी ओरडत होते, "कागदावर शून्य वाढवायला पैसे पडत नाहीत!" मी पेपर तोंडापुढे धरला.

बाबा मात्र रिकामा बसलेला नाही. २०१४ला आंतरराष्ट्रीय स्पर्धा आटोपली आणि त्याच आठवड्यात गणपती आले. सोसायटीला हलता देखावा हवा होता. मुलांनी बाबाला फेटा बांधला, हातात चवरी दिली आणि मूर्तीशेजारी उभं केलं. वायपर मोटरवर त्याचा हात वर-खाली, वर-खाली, दहा दिवस. तेव्हापासून दरवर्षी तो मंडपात असतो आणि एरवी बाल्कनीत. ज्यांनी सभेत पाऊण तास विचार केला होता, तेच आता जुलैपासून विचारायला लागतात, "बाबा बरे आहेत ना?"

गेल्या वर्षी दुसऱ्या दिवशीच्या आरतीला हात वर गेला तो खाली आलाच नाही. उरलेले दिवस बाबाने मूर्तीला सलाम ठोकून काढले. मोटर जळली आहे. नव्या गाड्यांच्या मोटरला ते ब्रॅकेट बसत नाही, आणि मारुती आठशेचं उत्पादन २०१४च्या जानेवारीतच थांबलं. जुन्या बाजारात तीन बुधवार घालवले, मिळाली नाही. तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर आठशेची वायपर मोटर पडून असेल, तर गणपतीच्या आत कळवावं. चालू नसली तरी हरकत नाही. काल चालत होती, एवढं पुरे.